न केल्याने काय घडते?

मीमांसकांनी कर्मांचे जे भाग पाडले, त्यांत नित्यकर्माची जागा अवघड आहे. काम्यकर्माने पाऊस, पुत्र किंवा स्वर्ग मिळावा अशी अपेक्षा असते; संध्येसारख्या नित्यकर्माने मात्र नवे काहीच हाती लागत नाही. केले तर आहे ते टिकते, चुकवले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. गीताभाष्यात आणि तैत्तिरीय उपनिषदावरील भाष्यात शंकराचार्यांनी यावर घेतलेला आक्षेप बिनतोड वाटतो. न करणे हा अभाव आहे. अभावातून दोषासारखी खरीखुरी गोष्ट कशी निपजेल? जे घडलेच नाही, त्याचे फळ कसले? हा वाद पोथीपुरता आहे असे ज्याला वाटते, त्याने नांदुऱ्यात मे महिन्यात खिडकीला लावलेल्या एखाद्या कूलरची गवताची ताटी काढून पाहावी.

नांदुरा पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला, म्हणजे इथले पाणी खारट. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडून बराच वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि म्हणूनच इथे कूलर चालतो. ओल्या गवतातून जाताना कोरडी हवा पाणी शोषते आणि गार होते. पण वाफ होते ती पाण्याची, क्षारांची नाही. टाकीत रोज नवे पाणी ओतले जाते, जुने क्षार तिथेच राहतात, आणि थोड्याच दिवसांत गवताच्या काडीकाडीवर पांढरी खर चढते. ताटी हाताला कडक लागते, मोडली तर कुरकुरते. हवा तिच्यातून नीट जात नाही. एसीचेही तसेच. फिल्टरच्या जाळीवर धूळ बसली की कॉइलवरून पुरेशी हवा फिरत नाही, कॉइल गोठून तिच्यावर बर्फ धरतो, कॉम्प्रेसर चालतच राहतो आणि बर्फ वितळला की पाणी भिंतीवरून घरात उतरते. हे क्षार, ही धूळ कोणी मुद्दाम आणून टाकलेली नाही. मालकाने काहीच केले नाही, इतकेच.

आचार्यांचे म्हणणे इथे अर्धे खरे ठरते. अभाव काही निर्माण करत नाही, हे मान्यच. त्यांनी पुढे असेही म्हटले आहे की नित्यकर्म न घडणे हे दोषाचे कारण नसून आधीच साचलेल्या पापाचे केवळ लक्षण आहे. पण ‘न करणे’ हे नाव आपण आपल्या बाजूने देतो. यंत्राच्या बाजूने पाहिले तर तिथे एक क्षणही रिकामा नाही. आपला हात थांबतो तेव्हा धूळ बसत असते, क्षार साचत असतात, डास अंडी घालत असतो. नित्यकर्म म्हणजे या सतत चाललेल्या कामाला घातलेला बांध. बांध नसल्याने पूर निर्माण होत नाही, तो फक्त आत येतो. प्रत्यवायाला एवढा आधार मला पुरेसा वाटतो.

तो दोष लागतो कोणाला, हा प्रश्न त्याहून मोठा. कूलरच्या टाकीत एडीस डास वाढतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तर आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. मला ते व्रताइतकेच गंभीर वाटते. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात. भिंत घासावीच लागते. डेंग्यू मग टाकीच्या मालकालाच होईल असे नाही, शेजारच्या पाळण्यातल्या लेकरालाही होतो. एसीतल्या गॅसचा हिशेब आणखी लांबवर जातो. तो बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. दरवर्षी ‘गॅस भरावा’ लागत असेल तर गळती आहे. आर-३२ हा हल्ली वापरला जाणारा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट हवा तापवतो. गळती न बुजवता गॅस भरणे म्हणजे पाप चालू ठेवून प्रायश्चित्त घेणे. स्मृतींनी चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा यांना पंचसूना म्हटले, गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने, आणि त्यासाठी रोजचे यज्ञ सांगितले. हिंसा हेतूला नव्हे, साध्या वापराला चिकटलेली असते हे त्यांनी ओळखले होते.

यावर कोणी म्हणेल, वेदविहित कर्माच्या पंगतीला सर्व्हिसिंग बसवू नका. खरे आहे, संध्येचे बंधन विधीतून येते, टाकीचे शेजाऱ्याच्या अंगणातून. साम्य एवढेच, की दोन्हींत दाखवण्याजोगे फळ नाही. देखभालीचा वर्षाचा करार केला की आपण सुटलो, असेही वाटते. पण यज्ञात कृती ऋत्विजांची असली तरी संकल्प यजमानाचाच असतो. मिस्त्रीला घाईत पिटाळले, गळती शोधायचा वेळ आणि त्याचे पैसे नाकारले, तर उणेपण त्याच्या पदरी टाकता येत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. हे सगळे वीजबिलासाठी आणि गारव्यासाठी, म्हणजे काम्यच की! फिल्टरपुरते कबूल. पण मृग लागतो, पहिला पाऊस पडतो, कूलर बंद होतो. आता त्याच्यापासून काही मिळायचे नाही. तरीही टाकीचे बूच काढून तळाचे पाणी सांडायचे, भिंतीवरची ती रेषा काथ्याने घासायची, ताट्या उन्हात वाळवायच्या आणि मग कूलर झाकायचा.