शस्त्रनिर्मात्याची चाकरी

चांगल्या वेतनाची व मानाची नोकरी चालून आली असतां, ज्या कारखान्यांत ती करावयाची तेथें मनुष्यसंहाराचीं साधनें तयार होतात एवढ्याच कारणास्तव ती नाकारावी काय, हा प्रश्न आम्हांस सोपा वाटत नाहीं. अमेरिकेतील 'लॉकहीड मार्टिन' ही कंपनी घ्या. १९९५ सालीं दोन जुन्या कंपन्या एकत्र होऊन ती जन्मास आली आणि आज लाखावर माणसें तिच्या पदरीं आहेत. चंद्राभोवतीं फिरून २०२२ सालीं परत आलेलें 'ओरायन' यान मुख्यत्वें तिनेंच बांधलें. असें काम, असे कसबी सहकारी आणि महिन्याच्या महिन्यास भरपूर पगार, हें गृहस्थाश्रमी मनुष्यानें तुच्छ मानावें असें आम्ही म्हणणार नाहीं. वैराग्याचा उपदेश बहुधा ज्यांस घरभाडें भरावें लागत नाहीं तेच करतात!

याच कंपनीच्या अलाबामांतील ट्रॉय येथील कारखान्यांत 'जॅव्हलिन' हें रणगाडाभेदी अस्त्र जुळविलें जातें. २०२२ सालीं रशियाचे रणगाडे युक्रेनमध्यें घुसले, तेव्हां त्यांस अडविण्याच्या कामीं तें फार उपयोगीं पडलें. शस्त्र घडविणें हेंच पाप मानलें, तर ज्याच्या दारांत शत्रु उभा आहे त्यानें काय करावें? परंतु ९ ऑगस्ट २०१८ रोजीं येमेनमधील दहयान येथें मुलांनीं भरलेल्या एका बसवर सौदी अरेबियाच्या पक्षाच्या विमानांनीं बाँब टाकला. रेडक्रॉसनें सांगितल्याप्रमाणें ५१ माणसें मेलीं, त्यांत ४० मुलें होतीं. सांपडलेल्या तुकड्यांवरून तो बाँब याच कंपनीचा असल्याचें शस्त्रतज्ज्ञांचें मत त्या वेळीं प्रसिद्ध झालें.

त्या अस्त्राचा कारागीर सज्जन आणि या बाँबचा दुर्जन, असें कोण म्हणेल? दोघांनींही आपापलें काम चोख केलें. फरक पडला तो शस्त्र कोणाच्या हातीं गेलें यामुळें, आणि तें ठरविणें कारागिराकडे नसतेंच. या नोकरीचा खरा दोष आम्हांस येथें दिसतो. मनुष्य केवळ आपलें श्रमच विकत नाहीं, त्या श्रमांचें काय व्हावें हें ठरविण्याचा हक्कही देऊन टाकतो. "मीं न केलें तर दुसरा करील" हें समर्थन तर लांच खाणाराही करतो.

२०१८ सालींच 'गूगल' कंपनीच्या हजारों नोकरांनीं लष्करी टेहळणीच्या चित्रांसंबंधींच्या एका कामास सह्या करून विरोध केला व तो करार पुढें चालू न ठेवण्याचें कंपनीनें ठरविलें. पण तेथें तें काम जोडधंद्याचें होतें. जिचा धंदाच शस्त्रांचा, ती कंपनी सह्यांचा कागद पाहून धंदा बंद करणार नाहीं. तेथें नोकराच्या हातीं एक राजीनामा तेवढा उरतो, आणि घराचें कर्ज झाल्यावर तोही सहसा लिहिला जात नाहीं. म्हणून अशी नोकरी पत्करण्यापूर्वींच घरच्या माणसांशीं मोकळेपणीं बोलावें असें आम्ही सुचवितों. एकदां गुप्त कामावर रुजू झाल्यावर दिवसभर काय केलें हें त्यांस सांगण्याची कायद्यानेंच मनाई असते.