उपचार कुठवर करावेत?



पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जातो. अशाच एका घरातून निघताना मुलाने आम्हांला ओटीवर थांबवले. "फादर, बाबांच्या यकृतातली गाठ आत सुई घालून उष्णतेने जाळता येते म्हणतात. पण आजार हाडांत आणि फुप्फुसांतही पसरलाय. फारसा फरक पडणार नाही, असं डॉक्टर सांगतात. शेत विकलं तर पैसे उभे राहतील. नाही केलं, तर आमच्या हातून पाप होईल का?" त्या कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहोत, कारण हा प्रश्न अनेक घरांतला आहे.

हा उपचार खरोखर चांगला आहे. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये पाहत सुईसारखी बारीक अँटेना थेट गाठीत नेतात आणि तिच्यातून सूक्ष्मतरंग सोडतात. आपल्या स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये असतात, त्याच जातीचे हे तरंग. त्यांमुळे पेशींतील पाण्याचे रेणू हलू लागतात आणि गाठ आतून तापते. उष्णता ६० अंश सेल्सिअसच्या वर गेली की पेशी जवळजवळ लगेच मरतात. यकृतातील तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीवर याचा चांगला गुण येतो. मात्र आजार सर्वत्र पसरला असेल, तर एक गाठ जाळून तो संपत नाही.

मग कर्तव्य कोणते? पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले, की जीव राखण्यासाठी सर्वसाधारण उपाय करणे हे कर्तव्य आहे. स्वतःवर किंवा इतरांवर फार मोठे ओझे टाकणारे उपाय बंधनकारक नाहीत. व्हॅटिकनने १९८० साली हीच शिकवण अधिक स्पष्ट केली: उपचाराचा त्रास, धोका व खर्च एका बाजूला आणि त्यापासून मिळणारे फळ व रुग्णाची शक्ती दुसऱ्या बाजूला ठेवून तोलावे.

म्हणजे 'साधारण' की 'असाधारण' हे यंत्रावर लिहिलेले नसते. तीच अँटेना एकासाठी कर्तव्य ठरते, दुसऱ्यासाठी नाही. गाठ लहान आहे, डॉक्टरांना आशा आहे, तरीही 'देवाची इच्छा' म्हणून घरी बसणे ही श्रद्धा नव्हे. डॉक्टर आणि औषध ही देवाचीच देणगी आहे, असे सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय शिकवतो.

कोणी म्हणेल, "खर्च पाहायचा म्हणजे गरिबाचा जीव स्वस्त का?" नाही. तोलायचा तो उपचार, माणूस नव्हे. उपचाराने गुण येणार आहे आणि पैशावाचून तो अडला आहे, तर तो प्रश्न त्या एका घराचा राहत नाही. आपल्या साऱ्या धर्मग्रामाचा होतो. अशा वेळी आपण हात आखडता घेतला, तर दोष आपला.

आणखी एक गोष्ट. निष्फळ उपचार थांबवणे म्हणजे जीव घेणे नव्हे, आणि सेवा थांबवणे तर मुळीच नव्हे. वेदना कमी करणे, अंग पुसणे, घेता येईल तोवर अन्नपाणी देणे, जवळ बसणे, हे शेवटपर्यंत चालूच राहते.

त्या मुलाला आम्ही इतकेच विचारले, "बाबांना विचारलंत का?" तो गप्प झाला. आजार काय आहे, हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. आम्ही दोघे पुन्हा आत गेलो. बाबांना सगळे ठाऊक होते. ते म्हणाले, "शेत राहू दे. दुखणं तेवढं कमी करा, आणि संध्याकाळी रोझरीला सगळे माझ्याजवळ बसा."

बंधु-भगिनींनो, आपल्या घरातील आजाऱ्याला आधी विचारा. आणि पवित्र तेल लावण्यासाठी आम्हांला शेवटच्या घटकेला नव्हे, शुद्धीवर असतानाच बोलवा. प्रभू येशू आपल्या आजाऱ्यांना बळ देवो आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना शांती देवो.

आपले धर्मगुरू