तारेची वहिवाट

ढोकीच्या वेशीपाशी सांजवेळी उभे राहून घरोघरी दिवे उजळताना पाहिले, म्हणजे एक प्रश्न मनाचा पाठलाग सोडीत नाही: डोक्यावरच्या तारांवाटे येणारी ही शक्ती वाहून आणतो तरी कोण? तारेतील विद्युत्कण आणतात म्हणावे, तर आपल्या घरच्या प्रत्यावर्ती प्रवाहात ते सेकंदाला ५० वेळा जागच्या जागीच पुढेमागे कंप पावतात; दूरच्या वीजकेंद्रातून निघून दिव्यापर्यंत पोचणारा कण असा एकही नाही. जॉन हेन्री पॉयंटिंग यांनी १८८४ साली गणिताने दाखविले की, ऊर्जा वाहते ती धातूच्या गर्भातून नव्हे, तर तारेभोवतीच्या विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांतून. एकक क्षेत्रफळातून दर सेकंदास पार होणाऱ्या ऊर्जेला एकक घनफळात वसलेल्या ऊर्जेने भागले असता तिचा वेग मिळतो. निर्वात अवकाशातील मुक्त लहरींसाठी तो सेकंदाला सुमारे २,९९,७९२ किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचाच वेग ठरतो, आणि उघड्या हवेतील तारांलगत धावणाऱ्या लहरींचा वेगही त्याहून फारसा उणा नसतो.

तात्पर्य, शक्तीची मालकी तारेकडे नाही. तिच्याकडे आहे ती वाट दाखविण्याची चाकरी. तरीही तार निरर्थक मानणे हा अविचार होय, कारण ती तुटताच घर अंधारते.

कृपा जर पलीकडून येते, तर साधकाच्या कष्टाचे प्रयोजन काय, या जुन्या वादाचा निवाडा मला येथेच सापडतो. ढोकीजवळच्या तेर गावी ज्ञानदेव-नामदेवांचे समकालीन गोरोबाकाका कुंभारकाम करीत राहिले. भक्तीसाठी त्यांनी चाक सोडले नाही. वेदान्ती ज्याला घटाकाश म्हणतात, ते मडक्यातील आकाश कोणत्याही कुंभाराने निर्माण केलेले नसते. तथापि मातीची भिंत उभी राहिल्याखेरीज त्या आकाशात घोटभर पाणीही ठरत नाही. कर्माचे स्थान नेमके हेच आहे: ते चैतन्याचे उगमस्थान नव्हे, पण त्याची वहिवाट आहे.

म्हणून आपल्या हातून घडलेल्या प्रकाशावर हक्क सांगू नये, आणि आपण जागचे हललो नाही म्हणून खेदही करू नये. कुंभाराचे चाक एका खुंटीवर फिरते, विद्युत्कण आपल्या ठायी थरथरतो. आणि तेवढ्यानेच तेरला घागर भरते, ढोकीला दिवा लागतो.