समुद्र ओलांडला की धर्म बुडतो का?

बौधायन धर्मसूत्राने माणसाला पतित करणाऱ्या कर्मांत समुद्रप्रवास अगदी पहिला धरला. तोच ग्रंथ उत्तरेकडच्या लोकांचा रिवाज म्हणूनही त्याची नोंद करतो. बंदी होती आणि माणसे जातही होती.

१८८८ मध्ये मुंबईत मोढ वणिक जातीने मोहनदास गांधींना विलायतेला निघण्याआधीच वाळीत टाकले. बोटीवर अठरा वर्षांच्या त्या मुलाला काटे-सुरी वापरता येईना, कशात मांस आहे हे विचारायला जीभ रेटेना. घरून आणलेली मिठाई आणि फळे तो केबिनमध्ये बसून खात राहिला. परतल्यावर भावाने त्यांना नाशिकला नेऊन गोदास्नान घडवले. पण धर्माची खरी कसोटी आधीच, त्या केबिनमध्ये लागली होती. मांस न खाण्याचा आईला दिलेला शब्द तिथे पाळला जात होता.

आज मुंबईहून क्रूझने गोव्याला निघालेल्याला कोणी वाळीत टाकत नाही. नेमधर्म पाळणाऱ्यांच्या अडचणी मात्र आहेतच. जैन किंवा उपवासाचे जेवण हवे तर बुकिंग करतानाच कळवावे. बोट सुटल्यावर बाजार मागे राहतो. केबिनमध्ये निरांजन, उदबत्ती लावू देत नाहीत, कारण भर समुद्रात आगीइतके भय कशाचेच नाही. बॅटरीचा छोटा दिवा न्यावा. लांबच्या सफरीत बोटीवरचे घड्याळ पुढेमागे केले जाते. संध्येची वा नमाजाची वेळ सूर्यावरून ठरवावी.

ज्योतीवाचून पूजा उणी राहील, ही धास्ती नको. मानसपूजेला तर फूलही लागत नाही, आणि ती आपल्या परंपरेला पूर्वीपासून मान्य आहे.