नोंद कोणाच्या नावाने?

बायकांना मत नसलेला काळ चंदीगडने पाहिलेलाच नाही. १९५२ मध्ये पंजाबच्या या नव्या राजधानीची पायाभरणी झाली, तोवर देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊनही गेली होती. जुन्या पंजाबने मात्र तो काळ पाहिला आणि त्याच्याशी सगळ्यात कडवं भांडण केलं ते महाराजा रणजितसिंहांच्या नातीने, तेही विलायतेत बसून.

सोफिया दुलीप सिंग हॅम्प्टन कोर्टला राहायची, व्हिक्टोरिया राणीने दिलेल्या घरात. १८ नोव्हेंबर १९१० रोजी बायकांच्या मताधिकारासाठी पार्लमेंटवर गेलेल्या मोर्चात ती चळवळीच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्टबरोबर पुढच्या फळीत होती. पोलिसांनी त्या दिवशी बायकांना अक्षरशः तुडवलं. पुढच्याच वर्षी तिने कर भरायला नकार दिला. मत नाही तर करही नाही, असा रोकडा हिशेब. सरकारने तिची हिऱ्यांची अंगठी जप्त करून लिलावात काढली. चळवळीतल्याच एका बाईने ती विकत घेतली आणि तिथल्या तिथे तिला परत केली. सरकारला पैसे मिळाले, पण गाजावाजा झाला तो चळवळीचा. त्याच वर्षीच्या शिरगणतीत तिने माहिती द्यायचं नाकारलं. बायका कोणाच्या खिजगणतीत नाहीत, तर आमची गणतीही नको.

ही सोफिया १९०७ मध्ये लाहोरला आली होती, तेव्हा तिची गोपाळ कृष्ण गोखल्यांशी गाठ पडली होती. दोघांच्या मार्गांत जमीन-अस्मानाचं अंतर. हिंदुस्थानातल्या बायकांनी मताच्या प्रश्नावर पुढे जो मार्ग धरला, तो गोखल्यांच्या वळणाचा: निवेदनं, शिष्टमंडळं, सभा, ठराव. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंचं शिष्टमंडळ मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. मताधिकार कोणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या साउथबरो समितीने मागणी फेटाळली, तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ मध्ये थेट लंडनला जाऊन साक्ष देऊन आल्या. पार्लमेंटने निर्णय प्रांतांच्या गळ्यात टाकला. मग रमाबाई रानड्यांसारख्यांनी मुंबई इलाख्यात बाजू लावून धरली. मद्रास आणि मुंबईच्या कौन्सिलांनी १९२१ मध्ये ठराव मंजूर केले, पंजाबने १९२६ मध्ये. विलायतेतल्यासारखी एकही काच न फोडता हे झालं, याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. मला ते अर्धंच पटतं. मालमत्तेची अट कायम होती, त्यामुळे मत मिळालं ते मूठभर बायकांना. एवढ्याशा मागणीने कौन्सिलातल्या कोणाची खुर्ची हलणार नव्हती, मग अर्जाने काम भागलं तर नवल काय? (मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाला नगरपालिकेचा पैसा लागणार होता, त्यासाठी रमाबाईंच्याच पुण्यात १९२० मध्ये बायकांना रस्त्यावर मोर्चा काढावा लागला.)

मूठभरांच्या मताने भागत नाही, हे चळवळीतल्या बायकांच्या लक्षात आलं, असं त्यांच्या पुढच्या मागण्यांवरून दिसतं. अखिल भारतीय महिला परिषद १९२७ मध्ये पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात भरली, तेव्हा विषय शिक्षणाचा होता. पाच-सहा वर्षांत हीच परिषद सर्व प्रौढांना मत द्या म्हणू लागली. सरकारने नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत देऊ केलं, तर कपूरथळ्याच्या राजकुमारी अमृत कौर आणि त्यांच्या सहकारी १९३३ मध्ये लंडनच्या समितीपुढे त्याला विरोध करून आल्या. मत हवं ते माणूस म्हणून, अमक्याची बायको म्हणून नको. हातातोंडाशी आलेला घास असा नाकारणं सोपं नव्हतं. सरकारने १९३५ च्या कायद्यात ती अट घातलीच. पण मागणीची धार आता वेगळी झाली होती, आणि पद्धत जुनीच, निवेदनाची, असूनही ती मला सोफियाच्या अंगठीइतकीच कडवी वाटते.

पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना हाच पेच घरोघरी उभा राहिला. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत इथल्या लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढीच नोंद. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नाव सांगायला वाढीव मुदत दिली आणि तरीही नाव न आलेल्या जवळपास २८ लाख बायका यादीबाहेर ठेवल्या. सोफियाने गणती नाकारली होती, इथे गणतीनेच बायकांना नाकारलं. सेन यांचा हा निर्णय त्या निवडणुकीपुरता क्रूरच होता. पण ‘अमक्याची बायको’ ही नोंद एकदा चालवून घेतली असती, तर ती पुढे किती वर्षं चालली असती, सांगता येत नाही. पंचायतींत सरपंचबाईंच्या खुर्चीवर आजही नवरा बसलेला दिसतो.

चंदीगडची अडचण वेगळी आहे: तिथल्या महापालिकेत महापौर एका वर्षापुरता असतो, आणि पाचांपैकी पहिलं व चौथं वर्ष बाईसाठी राखीव. २०२२ मध्ये सरबजीत कौर, २०२५ मध्ये हरप्रीत कौर बबला. शहराच्या कचऱ्याची फाइल नीट वाचून होते न होते तोच वर्ष सरतं. महापौराची मुदत वाढवा, ही मागणी शहरात जुनीच आहे. मुदत पाच वर्षांची झाली, तर राखीव वर्षांचं गणित नव्याने मांडावं लागेल. तेव्हा निवेदन घेऊन कोण जाणार आणि त्यात नेमकं काय मागणार, हे आत्ताच ठरवलेलं बरं.