फाडलेले कागद

रविवारच्या वर्गात नऊ वर्षांच्या एका मुलीनं हत्तीचं चांगलं चाललेलं चित्र टराटरा फाडलं. "अगं, का?" तर म्हणाली, "सोंड चुकली. सर, तुम्हीपण फाडताच ना!"

फाडतो. पंचवीस वर्षं फाडत आलोय आणि त्याला 'माझी कसोटी कडक आहे' असं म्हणत आलोय.

मेणवलीचा घाट मी किती वेळा रंगवायला घेतला, मोजदाद नाही. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णा, देवळाजवळ टांगलेली ती वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा. पहिला वॉश बहुधा बरा उतरतो. मग पाण्यातलं प्रतिबिंब डोळ्यांत खुपायला लागतं. कागद ओला असताना हात लावू नये, हे मी मुलांना शिकवतो; आणि मीच ब्रश घालतो. अर्धवट ओल्यात पाणी पडलं की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुटतो. तो घालवायला आणखी पाणी, आणखी रंग, की झाला चिखल. शेवटी तीनशे जीएसएमच्या महागड्या सुती कागदाचाही पापुद्रा निघतो. जलरंगात पांढरं म्हणजे न रंगवलेला कागद. तो गेला की गेला.

नवीन काय केलंत, असं कुणी विचारलं की मी चित्रकार गायतोंड्यांचं नाव पुढे करायचो. ते वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास करत, हे सांगताना माझा आवाज आपोआप गंभीर व्हायचा. पण गायतोंडे ते पाच-सहा पुरे करत आणि लोकांसमोर ठेवत. माझ्याकडे दाखवायला केराची टोपली. (हुसेननी उमेदीच्या काळात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली, हे मात्र अशा वेळी मला कधी आठवलं नाही.)

एकदा एका समूहप्रदर्शनाला तीन चित्रं कबूल केली आणि आठवडाभर आधी कळवलं, ताप आलाय. ताप नव्हता. तिन्ही चित्रं टेबलावर होती, बऱ्यापैकी होती. रिकामी भिंत एका मित्रानं धावपळ करून भरली. त्याला मी अजून खरं सांगितलेलं नाही.

वाईट चित्राची मला भीती नव्हती. ते फाडता येतं, फाडण्यात रुबाबही असतो. साधारण चित्र मात्र भिंतीवर लागतं, लोक 'छान' म्हणून पुढे सरकतात आणि आपली खरी उंची चारचौघांत कळते. ती कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप. कलेवरच्या निष्ठेशी त्याचा काही संबंध नव्हता.

मग एका रविवारी डाग पडलेला एक मेणवली घाट मी वर्गात लावला. मुलीनं निरखून पाहिलं. "सर, हे फाडायचं राहिलं?"

"नाही गं. ठेवलंय."

तिनं नवा हत्ती काढायला घेतला. माझं चित्र आज तिसरा रविवार भिंतीवर आहे. सही अजून केलेली नाही.