एका कळीची जबाबदारी

मये म्हटले की तळे आठवते. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या या गावाच्या नावाने विधानसभेचा एक मतदारसंघही आहे. जून १९९९ मध्ये गोवा विधानसभेची निवडणूक मयेसह सर्वच्या सर्व ४० मतदारसंघांत मतदानयंत्रांवर झाली. अख्ख्या राज्याने यंत्रावर मत देण्याची देशातली ती पहिलीच वेळ. मतपत्रिकेवर शिक्का मारून ती घडी घालून पेटीत टाकणाऱ्या हातांनी त्या दिवशी नुसते एक निळे बटण दाबले.

या यंत्राची रीत समजून घेण्यासारखी आहे. मतदान अधिकारी आपल्याकडचे बटण दाबून परवानगी देत नाही, तोवर मतदाराने काहीही दाबले तरी यंत्र ते मोजत नाही. हिरवा दिवा लागला की मतदाराची पाळी. बटण दाबताच उमेदवाराच्या नावापुढे लाल दिवा लागतो, लांब आवाज होतो आणि मत नोंदले जाते. त्यानंतर कितीही बटणे दाबली तरी दुसरे मत पडत नाही. २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत गोव्यात सगळीकडे चिठ्ठीची सोयही आली. आपले मत कोणाला गेले, ते त्या छापील चिठ्ठीवर सात सेकंद डोळ्यांनी पाहता येते.

कमांड लाइनवर चालणारे प्रोग्राम लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या रीतीकडे जरूर पाहावे. एरवी टर्मिनल एंटर दाबेपर्यंत आपली ओळ स्वतःकडेच ठेवते. चुकले तर खोडता येते, प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही. एंटर म्हणजे विचार बदलण्याची शेवटची संधी. प्रोग्रामने एकेक कळ लगेच वाचायची ठरवली की ही संधी जाते. टर्बो सी शिकलेल्यांनी ‘गेटच’ हे फंक्शन वापरून हे अनुभवलेले असते. वाचताना पान पुढे न्यायला ही सोय फार चांगली. पण ‘फाइल पुसू का?’ या प्रश्नालाही एकच कळ पुरत असेल, तर काळजी घ्यायला हवी.

मतदानयंत्र परवानगीआधीचे दाबणे मोजत नाही; इथे मात्र प्रश्न पडद्यावर येण्याआधी दाबलेल्या कळा रांगेत थांबलेल्या असतात. ती रांग रिकामी केली नाही, तर मागची एखादी कळ पुढच्या प्रश्नाचे उत्तर ठरते. म्हणून आधी रांग रिकामी करावी, मगच उत्तर घ्यावे.

उत्तर मराठीत असेल तर आणखी एक गोष्ट. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘ह’ तीन बाइटांचा आणि ‘न’ही तीन बाइटांचा. दोघांचे पहिले दोन बाइट अगदी सारखे, फरक पडतो तो तिसऱ्यात. जो प्रोग्राम एकच बाइट वाचून निघतो, त्याला ‘हो’ आणि ‘नाही’ यांतला भेद कळणारच नाही, आणि उरलेले बाइट पुढच्या प्रश्नात जाऊन पडतील. माणसाचे बोलणे पूर्ण होऊ द्यावे, हा साधा शिष्टाचार इथेही लागतो.

उत्तर मिळाल्यावर काय ऐकले ते पडद्यावर दाखवावे. आणि काम संपताना, मध्येच बंद पडतानाही, एकेक कळ वाचण्यासाठी बदललेली टर्मिनलची मांडणी होती तशी परत करावी. नाहीतर वापरणारा टाइप करत राहतो आणि पडद्यावर एक अक्षर उमटत नाही.

वेग हवाच, पण ज्या कामाला माघार नाही तिथे वेगापेक्षा खात्री मोठी. आज तुम्ही कोणाला एक कळ दाबायला सांगणार असाल, तर त्याच्या ‘हो’ला आणि ‘नाही’ला मताइतकाच मान द्या, आणि तेवढी काळजी घेणे जमत नसेल, तर त्याच्यासाठी एंटर राहू द्या.